गाडी भरली का

देवगाव रंगारी
९ मार्च २०२५

दादा,

तुपली जीप विकली. मी विकली. तुला विचारलं नाय.

हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे पुढचं बसून वाचायचं का उभ्यानं ते तुला ठरवता येईल. पत्र आधी जेलातला साहेब वाचतो म्हणं. साहेब, नमस्कार. तुम्ही पण बसा.

फोनवर सांगितलं नाय, कारण तुझा फोन आला की माय स्पीकर लावती अन् मोबाइल परातीत ठिवती, आवाज मोठा येतो म्हणून. परातीतून सगळ्या गल्लीला ऐकू जातं. म्हणून हे पत्र. बारावीच्या पेपरानंतर पहिल्यांदाच एवढं लिहितोय, अन् तो पण मी पुरा लिहिला नव्हता.

जीप गंगापूरच्या एका माणसानं नेली. अण्णा गेल्यापासून ती मायच्या नावावर व्हती, म्हणून सही मायचीच लागली. मी कागद पुढं केला. वाटलं विचारील कशाचा हाय. नाय विचारलं. सही केली अन् पुन्हा तांदूळ निवडायला बसली. जीप गल्लीतून बाहेर गेली तरी वर बघितलं नाय. मला पण काय वाटलं नाय. दात उपटायच्या आधी सुई देतात ना, तशी तू आत गेल्यापासून सगळ्या घराला दिलीय.

का विकली ते सांगतो. मी दोन महिने चालवून बघितली. स्टँडवर तोंडावर कोणी काय बोलत नाय, फक्त मपल्या जीपमधी पाशिंजर बसू देत नाय. पाशिंजर भरायच्या नंबरावरून तू आप्पासाहेबाला ढकललं, त्याचं डोकं फरशीवर आपटलं अन् तो गेला, ती जागा तिथंच हाय. त्या जागेवर कोणी गाडी लावत नाय. मी पण नाय. मग डिझेल जाळून मोकळं जायचं अन् मोकळं यायचं.

अन् मायला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला शहरात न्यायचं. तू नेत व्हता तेव्हा ती पुढच्या सीटवर झोपून यायची. आता यष्टीनं नेतो. जाताना बरी असती. येताना पायात जीव नसतो अन् दौलताबादच्या घाटात ओकती. परवा एका बाईच्या पिशवीवर ओकली. ती बाई काय बोलली नाय. शेवटी मायच म्हणली, "बाई, काय तरी बोला."

तर मपल्या डोक्यात असं आलंय, जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी. हसू नको. शहरात जुन्या गाड्या विकणारा याह्या नावाचा एक पोरगा हाय, त्याच्याकडं एक उभी हाय. पांढरी, छोटी, चार वर्षं टॅक्सीत पळालेली. जीपच्या पैशात बसती. चालवायला लई स्वस्त म्हणतो. खोटं बोलत असंल, पण डिझेलवाले काय खरं बोलतात का.

प्रश्न एकच हाय. घर ते दवाखाना जाऊन-येऊन शंभराच्या वर किलोमीटर. मधी घाट. उन्हात मायला ए.सी. लागणार, तिला पाणी मोजून प्यायचंय. एवढं धरून ती गाडी एका दमात जाऊन येईल का? तुला गाडीतलं कळतं. सांग.

जीपचा हॉर्न काढून ठिवलाय. गंगापूरवाल्याला म्हणलं, बिघडला होता.

तुझा,
सुद्या


मध्यवर्ती कारागृह, हर्सूल
२१ मार्च २०२५

चि. सुदर्शन यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. साहेबांनी देताना विचारलं, "बसून वाचणार का उभ्यानं?" तेव्हाच कळलं आत काय तरी आहे.

जीप विकली ते ठीक केलं. मला वाईट वाटेल असं तू समजला असशील. वाटलं नाय. संध्याकाळी जेवताना डावा हात आपोआप गिअरवर गेला, तिथं पाण्याचा तांब्या होता. तेवढंच.

इलेक्ट्रिक गाडीला माझी हरकत आहे. टॅक्सीची गाडी म्हणजे रोज घाईघाईत चार्ज केलेली, तिची बॅटरी दमलेली असणार. कंपनी सांगते त्याच्या अर्धंच धर. डिझेल संपलं तर कसाबखेड्याहून बाटलीत आणता येतं. करंट बाटलीत आणून दाखव. भर उन्हात घाटात गाडी उभी राहिली अन् आत आई बसलेली, मग काय करशील? एखाद्या यष्टीच्या मागं दोरीनं बांधशील. मी तुला ओळखतो.

दुसरं, घरी चार्ज कशी करणार? आपल्याकडं मिक्सर लावला की पंखा हळू होतो. जब्बारभाईला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नको. माणूस वेल्डिंगचा आहे, पण करंट त्याच्याएवढा गावात कोणाला कळत नाय.

आई डायलिसिसच्या पाळीला वेळेवर जाते ना, ते लिही. फोनवर विचारलं तर "व्हय" म्हणते अन् गप बसते.

मी बरा आहे. जेवण होतंय.

राजेंद्र


देवगाव रंगारी
२ एप्रिल २०२५

दादा,

जब्बारभाईला विचारलं. ते म्हणले, "गाडी नक्को देखो रे, बैटरी देखो. सीट-बीट सब धोके की चीज है." मग मी बॅटरी बघायला गेलो.

याह्याला म्हणलं, एक चक्कर मारून बघतो. तो म्हणला, "चौक तक जाव, वापस आव." आता चौकापर्यंत जाऊन काय कळतंय? चौकापर्यंत बैलगाडी पण चांगली चालती. गाडी शंभर टक्के भरलेली व्हती. याह्या शेजारी बसला. मी ए.सी. फुल केला अन् निघालो. चौक आला, चौक गेला.

"भाई, चौक."

"कोणता?"

"वो जो गया."

हर्सूलपर्यंत तो हसत व्हता. तळं मागं पडलं तसा त्यानं फोन काढला. मी म्हणलं, "याह्याभाई, चोर कधी मालकाला शेजारी बसवून गाडी नेतो का?"

तो म्हणला, "नया तरीका होगा."

फुलंब्रीच्या पुढं जाऊन माघारी फिरलो. तिथं त्याला रसवंतीवर रस पाजला, तेव्हा कुठं मायचं सगळं सांगितलं. मग तो शिव्या द्यायचा थांबला अन् स्वतःच काट्याकडं बघायला लागला. साठ किलोमीटर झाले तेव्हा चोपन्न टक्के शिल्लक. म्हणजे पुरी भरली तर सव्वाशे-एकशेतीस जाणार. आपलं काम शंभराच्या थोडं वर. अन् जाताना घाट उतरायचा असतो, उतारावर ही गाडी उलटी भरती म्हणं. येताना चढायचा, तिथं जरा छातीत धडधड व्हईल. पण मी दवाखान्याच्या पार्किंगला जाऊन आलो, तिथं चार्जिंगचं मशीन हाय. कोणी वापरत नाय, वॉचमन त्याच्यावर जेवायचा डबा ठिवतो. माय चार तास वर मशीनवर, गाडी चार तास खाली मशीनवर. दोघी सोबतच भरून निघतील.

बॅटरीचा रिपोर्ट पण काढायला लावला. शंभरात अठ्ठ्याऐंशी आले. मला दहावीला एवढे नव्हते.

येताना तुझ्या भिंतीपाशी थांबलो. दोन आखूड एक लांब, जीपचा वाजवायचो तसा हॉर्न वाजवला. याह्या म्हणला, इधर कौन है? मी म्हणलं, भाई है. तो म्हणला, फिर और एक बार बजाव. ऐकू आला का?

माय बरी हाय.

तुझा,
सुद्या


मध्यवर्ती कारागृह, हर्सूल
१५ एप्रिल २०२५

चि. सुदर्शन यास आशीर्वाद.

हॉर्न ऐकू आला असंल. इथं दिवसभर हॉर्न वाजतात. तुझा कोणता ते कळलं नाय.

साठ किलोमीटरचा हिशोब दोनदा वाचला. बराकीत सगळ्यांना वाचून दाखवला, तेव्हा लोक हसले. मला हसू आलं नाय, पण हिशोब बरोबर आहे. घ्यायची तर घे. फक्त बॅटरीच्या गॅरंटीची किती वर्षं उरलीत ते कागदावर घे, तोंडी नको. टॅक्सीची नोंद काढून गाडी साधी करून घे. नावावर आईच्या कर. मी आत आहे, माझं नाव कुठं लावू नको.

अन् सुद्या, "माय बरी हाय" असं एका ओळीत लिहिलंस. शाळेत "पेपर बरा गेला" असंच म्हणायचास. नीट लिही.

राजेंद्र


देवगाव रंगारी
१९ मे २०२५

दादा,

उशीर झाला. गाडी घेऊन तीन आठवडे व्हत आले. गॅरंटीचा कागद घेतला. नाव मायचं.

गाडी चांगली हाय. आवाज नाय. कोंबड्यांना कळत नाय मागं काय आलं. स्टँडवरून गेलो तर सगळे बघत व्हते अन् कोणाला ऐकू काय आलं नाय, तेवढं बरं वाटलं.

एकच भानगड हाय. घरच्या प्लगला चार्जर लावला की लाल दिवा लागतो. गाडी करंट घेत नाय. जब्बारभाई म्हणले, आपल्या घराला अर्थिंगच नाय. एवढी वर्षं टी.व्ही. अन् मिक्सर गप चालले, पण ही गाडी तपासून घेती. जमिनीत तार गेलेली नसंल तर तोंडच उघडत नाय. सध्या दवाखान्यात भरतो, अन् अधूनमधून जब्बारभाईच्या दुकानावर.

माय पाळीला जाती आता. एक पण चुकत नाय.

तुझा,
सुद्या


मध्यवर्ती कारागृह, हर्सूल
३१ मे २०२५

चि. सुदर्शन यास आशीर्वाद.

आता म्हणजे? आधी जात नव्हती का?

अर्थिंगचं इथं एकाला विचारलं. पंचवीस वर्षं लाइनवर काम केलेला माणूस आहे, इथं का आहे ते मी विचारलं नाय. तो म्हणाला, मोरीच्या मागं जिथं ओल राहते तिथं पुरुषभर खड्डा घे. तांब्याची पट्टी नायतर जस्ताचा पाइप उभा कर, भोवती कोळसा अन् मीठ थरानं भर. तार बोर्डापर्यंत आण. वरून पाणी टाकत राहायचं. जोडणी जब्बारभाईकडूनच कर. दिवसाचं काम आहे. लगेच कर.

उत्तर लगेच पाठव.

राजेंद्र


मध्यवर्ती कारागृह, हर्सूल
२३ जून २०२५

सुदर्शन,

तुझं उत्तर नाय. काल फोनवर आईशी बोललो. मी म्हणलं, आई, पाळीला जातीस ना? ती म्हणाली, "जावंच लागतं बाबा. गाडीला घरचं लाइट चालत नाय. दवाखान्यातच भरावी लागती, अन् पेशंट असंल तरच लावू देतात. मी नाय गेले तर गाडी मरंल."

मी परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं. वर म्हणाली, सुद्यानं अवघड गाडी घेतली, पण पोराला बोलू नको.

तुला लाज वाटत नाय? आजारी बाईला गाडीच्या चार्जिंगपायी शंभर किलोमीटर फिरवतोस. एका दिवसाचं अर्थिंगचं काम तुझ्यानं महिनाभरात झालं नाय. गाडी तिच्यासाठी घेतली होती का ती गाडीसाठी? मला सहा महिन्यांत कशाचं काय वाटलं नव्हतं, काल वाटलं. राग आला. बराकीत भिंतीवर हात मारला. आता बोटं सुजलीत, म्हणून अक्षर असं आहे.

गाडी विकून टाक. याह्याला परत दे. आईला यष्टीनं ने, ओकली तरी चालंल.

राजेंद्र

अजून एक. मंगळवारी दुपारी भिंतीबाहेर हॉर्न वाजला. दोन आखूड एक लांब. आवाज आपल्या जीपचाच होता. जीप तर गंगापूरला आहे. 


देवगाव रंगारी
३० जून २०२५

दादा,

अर्थिंग केलंय. तुझं खड्ड्याचं पत्र आलं त्याच दिवशी केलं. खड्डा मी घेतला, कोळसा-मीठ जब्बारभाईनं भरलं. त्यांनी जोडून बघितलं, हिरवा दिवा लागला. मग मी त्यांना म्हणलं, आता काढा. त्यांनी काढली. तार मोरीमागं गुंडाळून ठिवलीय. मायला सांगितलं, खड्डा कढीपत्त्यासाठी हाय. ती रोज त्याला पाणी घालती अन् म्हणती, मीठ टाकून कुठं कढीपत्ता येतो का, सुद्या, तुला काय कळत नाय.

आता पहिल्यापासून सांगतो. शिव्या शेवटी दे.

मार्चच्या शेवटाला माय म्हणली, बास. मला वाटलं आजच्यापुरतं बास. पण ती तीनातली एक पाळी सोडायला लागली, मग दोन, अन् एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गेलीच नाय. मी बाबापुता केलं. यष्टी दारापर्यंत आणतो म्हणलं. डॉक्टरचा आवाज काढून फोनवर बोललो, तिनं ओळखलं, म्हणली, "डॉक्टर, नाक पुसा." रडून पण बघितलं, रडू आलं नाय. ती म्हणली, "राजेंद्र आत बसलाय, अन् मी जगायला हिंडू का?" तुला हे लिहिलं नाय. तू आत काय करणार व्हतास?

शेवटी ती बसून झोपायला लागली. आडवं झालं की दम लागायचा. पाय खांबावाणी झाले.

त्याच दिवसांत गाडी आली. दुपारची वेळ. जब्बारभाईनं चार्जर लावला, लाल दिवा लागला. माय ओट्यावर बसली व्हती. म्हणली, "काय म्हणतोय तो दिवा?"

दादा, जीप विकली तेव्हा तिनं कागद कशाचा ते विचारलं नव्हतं. चार महिने तिनं मला, जेवला का, एवढं सोडून काय विचारलं नव्हतं. अन् आता दिवा काय म्हणतो ते विचारती. मी खरंच सांगणार व्हतो. तोंड उघडलं पण व्हतं. बाहेर दुसरंच आलं.

म्हणलं, "हिला गावातलं लाइट चालत नाय. दवाखान्यातलंच लागतं."

"मग ने तिकडं."

"पेशंट असंल तरच लावू देतात."

"अन् नाय लावलं तर?"

"बॅटरी मरती. मग दादा सुटून आल्यावर चालवणार काय?"

 मी जब्बारभाईकडं बघितलं. ते हातात वायर घेऊन उभे. वाटलं आता हा माणूस खरं बोलणार, पाच वेळा नमाज पढतो. ते खाली बघून म्हणले, "हौ सारजाबाई, बहुत नाजूक गाडी है."

मायनं चपला घातल्या. म्हणली, "पिशवी घे."

त्या दिवशी डॉक्टरनं मला बाजूला घेऊन चांगलं झापलं. अजून एक-दोन दिवस गेले असते तर छातीत पाणी भरून खेळ संपला असता म्हणला. मी मान हलवली. मला तेव्हा पण काय वाटलं नाय. खाली जाऊन गाडीला वायर लावली, वॉचमनचा डबा उचलून त्याच्या हातात दिला.

आता एक पाळी चुकत नाय. ती पाळीला जात नाय, ती गाडी भरायला जाती. सकाळी मला उठवती, "ऊठ, गाडी मरायची." आधी मशीनवर तीन तास झाले की सिस्टरच्या मागं लागायची, काढा, बास झालं, पाय वळतात. आता सिस्टरला काय म्हणत नाय. मला म्हणती, "बघून ये, गाडी भरली का?" मी खाली जातो. गाडी कधीच भरलेली असती, घरून निघतानाच ती मायच्या नकळत जब्बारभाईच्या दुकानावरून अर्ध्याच्या वर भरून आलेली असती. वर येऊन म्हणतो, "नाय गं, थोडी ऱ्हायली." मग ती डोळे मिटून पडून ऱ्हाती. चार तास पुरे व्हतात. वर येताना मी जिन्यात जरा उभा ऱ्हातो. खोटं बोलायच्या आधी दम खावा लागतो, आधी असं व्हत नव्हतं.

पाय उतरलेत. आडवी झोपती. गेल्या आठवड्यात सिस्टरला सांगत व्हती, मोठ्याची गाडी हाय, तो येईपर्यंत जिती ठिवायची हाय.

अन् मंगळवारचा हॉर्न जीपचाच. गाडीचा शिट्टीवाणी वाजत व्हता, म्हणून बदलला. दवाखान्यातून निघालो तर माय मागच्या सीटवरून म्हणली, "भिंतीवरून घे." वाट वाकडी केली. हॉर्न तिनं वाजवायला सांगितला. वाजवून झाल्यावर ती बराच वेळ भिंतीकडं बघत व्हती. मग म्हणली, "चल, चार्जिंग जळतंय."

गाडी विकू नको म्हणून सांग, दादा. अन् तार जोड म्हणू नको. तार जोडली की हिरवा दिवा लागणार, अन् हिरवा दिवा लागला की ती ओट्यावर बसणार. मग उठणार नाय.

पुढच्या महिन्यात ती तुला भेटायला, मुलाखतीला येणार हाय. तेव्हा अर्थिंग हा शब्द काढू नको. फोनवर तर बिलकुल नको, परात हाय. मला शिव्या दे. म्हण, सुद्या गाढव हाय, कसली गाडी घेतली, आई तुला त्रास व्हतो पण काय करणार, सांभाळ तिला. एवढंच म्हण. बोटांचं विचारलं तर दारात सापडली म्हण.

तुझ्या पाया पडतो, कोणाला सांगू नको. बराकीत पण वाचून दाखवू नको, तिथून कोणी सुटून देवगावला आला म्हणजे?

अन् साहेब, तुम्ही हे आधीच वाचलंय. मुलाखतीला एक म्हातारी येईल, हिरवं लुगडं, डाव्या हाताला दवाखान्याची पट्टी. ती गेटवर कोणाला पण गाडीबद्दल विचारती, तिला सवय लागलीय. तुम्हाला विचारलं की साहेब, ही चार्जिंगची गाडी घरच्या लाइटवर चालती का, तर हात जोडतो, नाय म्हणा. अन् हे पत्र वाचून झालं की विसरून जा.

सुद्या